दोन वाद्यांच्या मधला श्वास
संगीत संयोजकांस खुले पत्र



चित्रपटगीतांचे रंगमंचीय कार्यक्रम, संगीत नाटकं, दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धा, अभंगांचे मोठे सोहळे यांचा वाद्यमेळ बांधणाऱ्या आपणां सर्वांना हे पत्र लिहितो आहे. मी फुंकेची वाद्यं वाजवतो आणि शिकवतो. या पत्रात एकच मागणी आहे, पण ती नीट समजावी म्हणून थोडं शरीराबद्दल आणि थोडं वाद्यांबद्दल सांगावं लागेल.

आजच्या वाद्यमेळात सुषिरवादक, म्हणजे फुंकेची वाद्यं वाजवणारा, बहुतेक वेळा एकटाच असतो. समोर स्टँडवर सॅक्सोफोन, शेजारी क्लॅरिनेट, हाताशी पट्टीवार लावलेल्या बासऱ्या, आणि लग्नाचं गाणं असेल तर सनई नाहीतर सुंदरी. ताफा लहान का झाला हे मला ठाऊक आहे. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, प्रवासखर्च यांचं गणित आपल्यालाच जुळवावं लागतं. एकाने चार वाद्यं वाजवण्यात कमीपणा तर अजिबात नाही. मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोन आणि फ्लूट या दोन्हींवर हिंदी चित्रपटसंगीतात आपली मुद्रा उमटवली. गोव्याचे क्रिस पेरी ट्रम्पेटही वाजवत आणि सॅक्सोफोनही. अमेरिकेच्या एरिक डॉल्फीचे आल्टो सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट आणि फ्लूट हे तिन्ही आवाज ऐकले तर यातलं त्याचं मुख्य वाद्य कोणतं, असा प्रश्न पडावा. माझा आक्षेप वाद्यांच्या संख्येला नाही. एका वाद्यावरून दुसऱ्यावर जायला आपण जो वेळ ठेवता तो हातांच्या हिशेबाने ठेवता. तो श्वासाच्या हिशेबाने ठेवावा, एवढंच माझं मागणं आहे.

साधं गणित करू. १२०च्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो. नोटेशनमध्ये सनईचा तुकडा आणि बासरीचा तुकडा यांच्यामध्ये दोन बार मोकळे दिसले की कागदावर ते ऐसपैस वाटतात. मिळतात चार सेकंद. सनई खाली ठेवून बासरी उचलायला दोन सेकंद पुरतात, म्हणजे दोन उरले असं आपण धरता. आता त्या चार सेकंदांत वादकाच्या छातीत आणि तोंडात काय चाललेलं असतं ते पाहा.

सनई, सुंदरी, पाश्चात्त्य वाद्यमेळातला ओबो ही जोडपत्तीची वाद्यं. दोन पातळ पत्त्यांमधली फट इतकी बारीक असते की तिच्यातून हवा फार थोडी जाते, पण तेवढी जायलाही जबर दाब लागतो. आपण बोलतो तेव्हा स्वरयंत्राखालच्या हवेचा दाब साधारण पाच ते दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ओबोच्या वरच्या, जोरकस स्वरांना तो शंभरच्या आसपास जातो. सनई त्याच कुळातली आहे. हा दाब पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंनी सतत लावून धरायचा असतो. अशी लांब तान संपते तेव्हा वादकाच्या फुप्फुसात हवा भरपूर उरलेली असते. ती शिळी असते, कार्बन डायऑक्साइडने भरलेली. श्वास घ्यावा अशी तीव्र ओढ शरीराला लागते ती मुख्यतः याच वायूमुळे. म्हणजे सनईवाला गुदमरतो तो भरल्या छातीने. त्याला ताजी हवा घ्यायला आत जागाच नसते. आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा, अशा दोन क्रिया कराव्या लागतात, आणि त्याही त्याच क्रमाने. शिवाय छातीतल्या त्या दाबामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त काही प्रमाणात अडतं. तार सप्तकातल्या तानेनंतर सनईवाल्याचा लाल चेहरा आणि फुगलेल्या मानेच्या शिरा आपण पाहिल्याच असतील. दाब सुटला की सगळं जागेवर येतं, पण लगेच येत नाही.

आता बासरी. इथे अडथळा असा काहीच नाही. ओठांमधून निघालेला झोत छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटतो आणि त्यातली बरीचशी हवा बाहेरच निघून जाते. पूर्ण भरलेली छाती स्वतःच्या लवचीकपणामुळे आपसूक मिटू पाहते, आणि ती तशी मिटू दिली तर पहिल्या दोन स्वरांतच हवा संपेल. त्यामुळे बासरीवाल्याचं सुरुवातीचं काम हवा आवरून धरण्याचं असतं. सनईत जे स्नायू नेट लावून ढकलत होते त्यांनी आता गप्प बसायचं आणि श्वास आत घेणाऱ्या स्नायूंनी छाती उघडी धरून ठेवायची. ओठांचंही तेच. सनईच्या पत्तीभोवती ते घट्ट आवळलेले असतात. बासरीला, त्यातही मंद्र सप्तकाला, ते सैल आणि रुंद लागतात.

म्हणजे त्या चार सेकंदांत हात वाद्य बदलतात हे खरं, पण त्याच वेळात शिळी हवा बाहेर काढणं, ताजी हवा भरणं, ओठ सैल करणं आणि पोटाला दिलेला हुकूम फिरवणं एवढं सगळं उरकायचं असतं. श्वास सोडायला एक-दीड सेकंद, घ्यायला एक सेकंद. वाकून वाद्य ठेवताना पोट दबलेलं असतं, तेव्हा खोल श्वास घेता येत नाही. मग वादक काय करतो? शिळी हवा तशीच ठेवून तिच्यावरच थोडी ताजी हवा ओढतो आणि बासरीचा तुकडा सुरू करतो. पहिला स्वर थरथरतो, दुसऱ्या ओळीत दम तुटतो, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना आपल्याला वाटतं की याची बासरी आज लागली नाही.

उलट दिशेचा प्रवास वेगळा आहे, म्हणून दोन्हीकडे सारखेच बार ठेवून भागत नाही. बासरीचा मोठा तुकडा, विशेषतः खर्जाच्या लांब बासरीवरचा, वाजवताना माणूस खोल श्वास भराभर घेतो आणि सोडतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, कधी बोटांना मुंग्या येतात. पन्नालाल घोष यांनी सुमारे ३२ इंचांची बासरी रागसंगीतात रुजवली. मुष्टियुद्धाचा आणि व्यायामाचा त्यांना षोक होता हे त्यांच्या चरित्रात वाचलं की मला त्यात संगतीच दिसते, कारण त्या लांबीच्या बासरीला फुंक पुरवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. अशा बासरीवरून क्लॅरिनेटवर येताना वादकाने मोठा श्वास घेतला तर उलट घोटाळा होतो. पत्तीच्या वाद्याला इतकी हवा नकोच असते, आणि छाती तुडुंब भरून सुरुवात केली की दोन ओळींतच गुदमरायला होतं. इथे गरज असते नाकाने घेतलेल्या एका-दोन शांत, मध्यम श्वासांची. आणि एक अगदी व्यावहारिक गोष्ट. स्टँडवर पडून राहिलेली पत्ती वाळते, वातानुकूलित नाट्यगृहात फारच लवकर. ती तोंडात धरून ओली केल्याशिवाय नीट बोलत नाही, आणि पत्ती तोंडात असताना मोकळा श्वास घेता येत नाही. म्हणजे इथे श्वासाला कमी वेळ लागतो पण पत्तीला जास्त.

क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनवर जाणं त्या मानाने सोपं. दोन्हींना एकच पत्ती, तोंडाची ठेवण जवळपासची. सॅक्सोफोन जास्त हवा खातो आणि कमी अडवतो, एवढं सांभाळलं की झालं. त्याबद्दल मी आपला वेळ घेत नाही.

काही वेळा तालमीत असं ऐकू येतं की, अमुक सनईवाला तर श्वास न तोडता पाच पाच मिनिटं वाजवतो, मग तुम्हाला ही बासरीची आठ बारांची ओळ एका दमात का जमत नाही? प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. सनईच्या जोडीला सूर धरणारा माणूस तास तास तो सूर अखंड ठेवतो. पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर तारपा वाजवणारा रात्रभर नाच चालवतो आणि फुंक तुटू देत नाही. हे सगळे गालात हवा साठवतात, गाल दाबून ती वाद्यात सोडत असतानाच नाकाने नवी हवा आत घेतात. ही विद्या थोर आहे, पण ती तिथे बसते कारण त्या वाद्यांना हवा थोडी लागते. गालातली घोटभर हवा तेवढ्या क्षणापुरती पुरते. बासरीचा झोत मोठा, आणि तो ओठांच्या ठेवणीवर तोललेला. गाल फुगले-दबले की ठेवण हलते आणि स्वर डळमळतो. काही वादकांनी बासरीवरही ते साधलं आहे, मात्र कार्यक्रमातल्या दर वादकाकडून ते गृहीत धरणं बरोबर नाही.

अशा अपेक्षेमागचं आणखी एक कारण अलीकडचं आहे आणि ते मला सगळ्यात जास्त खुपतं. बासरीची चाल आता बऱ्याचदा कीबोर्डवर बांधली जाते. संगणकात बासरीचा नमुना-आवाज असतो, बोट दाबून ठेवलं की तो हवा तितका लांबतो. कीबोर्डला फुप्फुस नाही. त्यावर सुचलेली वीस सेकंदांची सलग सुरावट ध्वनिमुद्रणात खऱ्या बासरीवर वाजवली जाते ती तुकड्यांनी, आणि तुकडे नंतर जोडले जातात. मधले श्वास ऐकू येऊ नयेत म्हणून तेही पुसले जातात. मग तेच गाणं रंगमंचावर येतं, आणि एका माणसाने ती सुरावट एका बैठकीत, तीही आधीच्या सॅक्सोफोनच्या तुकड्यानंतर लगेच, जशीच्या तशी वाजवावी अशी अपेक्षा होते. जुन्या गाण्यांचं तसं नव्हतं. गायक आणि वाद्यमेळ एकत्र बसून ध्वनिमुद्रण होत असे, त्यामुळे जे वाजलं ते माणसाच्या दमात बसणारंच होतं. त्या काळच्या गाण्यांचे मधले तुकडे एकदा फक्त श्वासाकडे कान देऊन ऐका. ओळ कुठे मोडते, कोणतं वाद्य कुठे आत येऊन पहिल्याला मोकळं करतं, हे सगळं आपल्या जुन्या संयोजकांनी आधीच करून ठेवलेलं आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. १९५७ सालच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वाद्यमेळात पाच सुषिरवादक होते. त्यांतल्या तिसऱ्याच्या वहीत पिकोलो, फ्लूट, ओबो, इंग्लिश हॉर्न, क्लॅरिनेट, बास क्लॅरिनेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन अशी आठ वाद्यं आहेत. एवढी वाद्यं एका माणसावर टाकणं शक्य होतं कारण वही त्या माणसासाठी लिहिलेली असते. कुठे कोणतं वाद्य घ्यायचं याची सूचना आधीच्या तुकड्याच्या शेवटीच छापलेली असते, आणि एक जण वाद्य बदलत असताना दुसरा वादक जागा भरतो. तिथल्या वादक संघटनेच्या करारात प्रत्येक जादा वाद्यासाठी मानधनात ठरावीक टक्के वाढही असते. आपल्याकडे ते सगळं उद्या येईल असं मी म्हणत नाही. पण वही माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहायला पैसे लागत नाहीत.

मग नेमकं काय करावं? सनईवरून किंवा क्लॅरिनेटवरून बासरीवर यायचं असेल तेव्हा सहा ते आठ सेकंद द्या, आणि ते बारांत मोजताना लय बघा. ७०च्या लयीत दोन बार पुरेसे असतात, १२०ला चार लागतात. तेवढी जागा गाण्यात नसेल तर पत्तीच्या वाद्याचा शेवटचा लांब स्वर व्हायोलिनला किंवा कीबोर्डला द्या. वादक त्या स्वराच्या सुरुवातीलाच सुटेल आणि ऐकणाऱ्याला काही तुटल्यासारखं वाटणार नाही. बासरीचा प्रवेश मध्य सप्तकात ठेवा. आवळलेल्या ओठांनी लगेच मंद्र पंचमावर उतरायला लावणं यासारखी कठीण गोष्ट आमच्या कामात थोडीच असेल. क्लॅरिनेटचा प्रवेश मात्र उलट, खालच्या पट्ट्यात ठेवा. तिथे ते वाद्य कोरड्या पत्तीलाही बऱ्यापैकी सांभाळून घेतं. आणि नोटेशनमध्ये ओळीच्या वर स्वल्पविरामासारखी जी श्वासखूण असते ती वापरा, स्वरांइतक्याच जबाबदारीने. आपण ती लिहिली नाही तर वादक स्वतःच्या मनाने कुठेतरी श्वास घेईलच, आणि ती जागा कदाचित गायिकेच्या शब्दाच्या मधोमध येईल.

गाण्यांचा क्रम लावतानाही हे पाहता येतं. सनईचं दमदार गाणं आणि लगेच पुढे बासरीच्या एकट्या आलापाने उघडणारं गाणं, अशी जोडी टाळा. मध्ये निवेदन घाला, नाहीतर तालवाद्यांचं गाणं घाला. निवेदकाची दोन वाक्यं आम्हाला जो दिलासा देतात तो प्रेक्षकांना दिसत नाही, पण पुढच्या गाण्यात ऐकू येतो. बासऱ्यांच्या पट्ट्याही बघा. आधीचं गाणं काळी एक आणि पुढचं पांढरी पाच असं असेल तर बासरीची लांबी आणि फुंकेचा अंदाज दोन्ही बदलतात. त्यात पडून राहिलेली बासरी गार असते आणि गार बासरी स्वराला उतरते. तिच्यात एक-दोनदा हळूच उबदार फुंक घालायला वेळ हवा.

बैठकीबद्दलही सांगतो. बासरी भारतीय वाद्य म्हणून चौरंगावर मांडी घालून, आणि सॅक्सोफोन पाश्चात्त्य म्हणून उभं राहून, अशी मांडणी चित्रासारखी दिसते. मांडी घालून पोटाचा खालचा भाग दबलेला असताना उठायचं, पट्टा गळ्यात अडकवायचा आणि लगेच वाजवायचं, यात श्वासाची घडी पुरती विस्कटते. एक साधी, हात नसलेली, पुरेशी उंच खुर्ची दिलीत तर चारही वाद्यं तिथून वाजतील. वाद्यांचे स्टँड कमरेच्या उंचीला असावेत, म्हणजे वाकून पोट दाबावं लागणार नाही. आणि कृपा करून धुराचं यंत्र आमच्या बाजूच्या विंगेत ठेवू नका. गिटारवाल्याला त्या धुराचा फक्त वास येतो. आम्हाला तो दर ओळीला छाती भरून आत घ्यावा लागतो.

वादकांनी करायचं कामही कमी नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी ते सांगतोच. बहुतेक जण सकाळी बासरीचा रियाज करतात, संध्याकाळी क्लॅरिनेटचा, आणि दोन्हींच्या मधल्या त्या आठ सेकंदांचा रियाज कोणीच करत नाही. तो वेगळा करावा लागतो. मेट्रोनोम लावून सनईची एक ओळ वाजवायची, पत्ती तोंडातून निघताच ‘हा’ करून सगळी हवा सोडायची, हाताने वाद्य ठेवत असतानाच सोडायची, ताठ झाल्यावरच श्वास घ्यायचा, आणि बासरीचा पहिला स्वर मुद्दाम हळू लावायचा. क्रम अंगात मुरला की कार्यक्रमात त्याचा विचार करावा लागत नाही. उलट दिशेचा सरावही असाच: बासरी संपताना शेवटच्या स्वरात छाती रिकामी करू नये, थोडी हवा राखावी, मग नाकाने शांतपणे घ्यावी आणि त्याच वेळी पत्ती ओठांत ओलवावी. हे शिकवण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची. पण कितीही रियाज केला तरी आठ सेकंदांचं काम तीन सेकंदांत होत नाही.

पैशांचा विषय एका परिच्छेदात संपवतो. चार वाद्यं आणणारा माणूस चार वाद्यांच्या पत्त्या, दुरुस्ती आणि प्रवासातली जोखीम सांभाळतो, आणि चार वादकांची जागा भरतो. त्याला एकाच वादकाचं मानधन देण्याची रीत बदलायला हवी. चौपट मागत नाही. दुसऱ्या वाद्यापासून काही ठरलेली वाढ असावी आणि ती बोलणी करतानाच सांगितली जावी.

आपल्यापैकी अनेकांना हे सगळं ऐकून आश्चर्य वाटणार नाही. पण तालमीच्या धावपळीत सुषिरवादक सहसा बोलत नाही, कारण तोवर गायकांच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, नर्तकांच्या पावलांचे आकडे बसलेले असतात आणि दोन बार वाढवा म्हणणं म्हणजे सगळ्यांना अडवणं होतं. म्हणून माझी विनंती तालमीच्या आधीची आहे. गाण्यांची यादी, पट्ट्या आणि वाद्यबदलाच्या जागा आठवडाभर अगोदर वादकाकडे पाठवा. तो पेन्सिलीने खुणा करून परत पाठवेल: इथे दोन बार हवेत, इथला शेवटचा स्वर व्हायोलिनला चालेल, इथे पट्टी तीच आहे तर बासरी न बदलता भागेल. यातल्या निम्म्या जागा आपण नोटेशन लिहितानाच सोडवू शकाल. उरलेल्यांसाठी तालमीत अर्धा तास द्या, फक्त बदलांच्या जागा पुन्हा पुन्हा घेण्यासाठी, गायकांशिवाय. या मोसमात ज्यांचे नवे कार्यक्रम उभे राहत आहेत त्यांनी ही पद्धत पहिल्याच कार्यक्रमापासून लावावी. वह्या तपासून द्यायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत.

आपला स्नेहांकित,
एक सुषिरवादक, पुणे